भुरीच्या कानातली वैजू

भुरी म्हैस दूध चोरत होती आणि धारयंत्राला त्याचा पत्ता नव्हता. यंत्राचा हात भिंतीतून बाहेर यायचा, कोमट पाण्यानं कास धुवायचा, सडांना रबरी नळ्या लावायचा, जेमतेम धार ओढायचा आणि 'दोहन पूर्ण' असं गोड आवाजात सांगून परत भिंतीत शिरायचा. खाली कास दगडासारखी तट्ट. शेवंताक्का चौगुलेंना त्या रबराचीच शिसारी होती. म्हशीच्या अंगाला माणसाचा हात लागू नये आणि दूध तेवढं निघावं, ही कसली जनावरं पाळायची रीत?

"पालीनं चाटल्यागत दिसतंय," आक्का म्हणाल्या आणि थुंकल्या.

दूधगंगेकाठच्या त्या गावात आता घरोघरी असाच हात होता. बाकीच्या म्हशी मुकाट पिळून घेत. भुरी मात्र आक्कांच्या सुनेच्या, वैजूच्या, आवाजाशिवाय पान्हवत नसे. यंत्र आलं तसं धारेजवळ माणसाचं काम उरलं नाही, म्हणून आक्कांनीच वैजूला त्या वेळी स्वयंपाकाकडे पिटाळलं होतं. पुढं भुरीच्या दुधाचा फॅट उतरला. डेअरीला कॅन वैजूच न्यायची. आक्कांनी डेअरीच्या दारात, चारचौघांत विचारलं, "पाणी घालतीस व्हय गं?" वैजूनं घरी येऊन पिशवी भरली आणि माहेरी गेली. तेव्हापासून भुरीनं उरलंसुरलंही आवरतं घेतलं होतं. कास अशीच राहिली तर सड जातील, म्हैस कायमची आटेल, असं दूधसंघाच्या डॉक्टरनं बजावलं होतं. तरी सुनेला बोलवायला आक्कांची जीभ रेटेना.

आज तोच डॉक्टर, अभिनंदन मगदूम, गोठ्यात लॅपटॉप मांडून बसला होता. म्हशी माणसाचं बोलणं कसं ओळखतात ते बघायला मागच्या साली त्यानं भुरीशी बोलणाऱ्या वैजूचा आवाज भरून घेतला होता.

"माझ्या फोनमधला वैजूचा आवाज लावून बघितला की," आक्कांचा मुलगा, वैजूचा नवरा रंगराव म्हणाला. "कान पण हालवला न्हाई तिनं."

"फोनमधला गाळीव असतो. माणसाला ऐकू येत नाही ते जागा वाचवायला काढून टाकतात. म्हशीला आपल्याहून बारीक, उंच आवाज ऐकू येतात. गाळलेला आवाज तिला वैनींचा वाटतच नाही. माझ्याकडचा घडीचा आहे, पातळाची घडी घालून ठेवावी तसा. एक धागा काढलेला नाही. पण संघानं भुरीला बांधलेल्या गळपट्टीतल्या एवढ्याशा कर्ण्याला घडी उलगडता येत नाही, त्याला पसरलेलाच लागतो. म्हणून इथं उलगडून देतोय."

पडद्यावर आकडा सरकत गेला. रंगरावनं वाकून बघितलं. "आयला, दुप्पट झाली की फाइल!"

आक्का ताडकन उठल्या. "दुप्पट? पाणी घातलंस!"

"आक्का, घडी मोडली की पातळ मोठं दिसणारच."

"मला पातळ शिकवू नगंस. दुधाची पावडर करायची, परत तिच्यात पाणी वतायचं आणि दूध म्हणून लोकांच्या नरड्यात घालायचं. त्यातलाच तू. शी!"

मगदूमचा चेहरा लाल झाला. उलगडलेला आवाज त्यानं पुन्हा घडीत बसवला, पुन्हा उलगडला आणि दोन्ही वेळचे उलगडलेले आवाज शेजारी शेजारी ताडून दाखवले. "बघा, कण न् कण तोच. फक्त जागा जास्त व्यापतोय. काही वाढलं, काही उतरलं, की तुम्हाला पाण्याशिवाय काही सुचतच नाही का हो?"

आक्कांनी पदर सारखा केला.

यंत्राच्या नळ्या सडांना लागल्या आणि गळपट्टी वैजूच्या आवाजात बोलू लागली. "ये गं माझी बाय. सोड गं. कुणी न्हाई हितं, मी हाय." मागं बांगड्यांची किणकिण, नाक ओढल्याचा आवाजसुद्धा. भुरीचे कान उभे राहिले. अंगावरून एक शहारा गेला, सड ओलावले आणि नळ्यांतून धार सुटली. फेस भांड्याच्या काठाला आला.

मगदूमनं तिथंच फॅट मोजला आणि हसला. "चढला बघा. जाड दूध शेवटच्या धारांत असतं. ते भुरी राखून ठेवत होती. वैनींनी कुठलं पाणी घालायला?"

एवढ्यात भुरीनं मान वळवली. मागं बघितलं, डावीकडे बघितलं. जीभ बाहेर काढून मोकळी हवा चाटली. कानाशी वैजू बोलतच होती. म्हैस हंबरली, दावं ताणून दाराकडे बघत पुन्हा हंबरली.

आक्कांना पेंढ्याचं रेडकू आठवलं. पलीकडच्या गल्लीत रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं उभं करीत. म्हैस ते चाटायची आणि खाली दूध पिळत. असलं घाण काम चौगुल्यांच्या गोठ्यात कधी झालं नाही, हे आक्का गावभर मिरवून सांगत आल्या होत्या.

"झालं की काम!" रंगराव खुशीत म्हणाला. "आता वैजू न्हाई आली तरी चालतंय."

"लाज वाटती का रं मुडद्या? बायकोत पेंढा भरून गोठ्यात उभी केलीस व्हय? आण तो फोन हिकडं!"

त्यांनी वैजूला फोन लावला. पलीकडे उचलला गेला. त्यांनी फोन भुरीच्या तोंडापुढं धरला आणि भुरी पुन्हा हंबरली.

"ऐकलंस?" आक्का कशाबशा म्हणाल्या. "भुरी बोलवती तुला."

"त्यात माझाच आवाज ऐकू येतोय मला," वैजू म्हणाली. "दूध मिळालं न्हवं? मग मी कशाला पायजे?"

गळपट्टीतली वैजू इकडे भुरीला सांगत होती, "मी हाय गं, मी हाय." आक्कांनी भुरीच्या गळ्यातली पट्टी ओढून काढली आणि बंद केली.

फोनमधून पुन्हा आवाज आला, हळू.

"भुरी बोलवतीया, का तुम्ही, आत्याबाई?"