डोळे शेवटी

खोटं बोलून मला काय मिळणार आहे? हे घडलंय. माझ्या धाकट्या दिराच्या घरी, भर दुपारी तीन वाजता, खिडकीतून लख्ख ऊन येत असताना.

भावजी घरी बसून चित्र काढायचं सॉफ्टवेअर बनवतात, एकटेच. कामात असताना हाक मारा, उत्तर ठरलेलं...

"पाच मिनिटं!"

त्यांची पाच मिनिटं म्हणजे आपला दीड तास. आम्ही हसायचो.

त्यांची ताई, म्हणजे माझी नणंद, चित्रकार. नव्या प्रोग्रामवर पहिलं चित्र तीच काढायची, तेही भावजींचंच. डोळे मात्र शेवटी. "डोळे काढले की चित्र बघायला लागतं रे," म्हणायची.

त्या दिवशी तिने डोळ्यांआधीच पेन खाली ठेवलं. बरं वाटत नाही म्हणून शेजारच्या खोलीत आडवी झाली. लगेच हाक मारली.

"पाच मिनिटं, ताई!"

भावजी उठले, तेव्हा सगळं संपलं होतं.

प्रोग्रामने तिची प्रत्येक रेघ वेळेसकट नोंदवली होती. चारशे बारा रेघा. पुढे प्रोग्राममध्ये काहीही बदललं, की भावजी त्याच रेघा प्रोग्रामकडून पुन्हा काढून घ्यायचे. चित्र हुबेहूब आलं, म्हणजे टेस्ट पास, काम चोख. खरं तर कुठल्याही रेघोट्या चालल्या असत्या. पण तिचा हात तेवढाच उरला होता हो.

वर्षभराने, त्या दुपारी...

टेस्ट फेल.

रेघा चारशे तेरा.

भावजींना वाटलं, आपलीच चूक. जादा रेघ पुसली. पुन्हा चालवलं.

चारशे तेरा.

ती रेघ डाव्या पापणीची होती. त्यांनी वेळ पाहिली... आधीच्या रेघेनंतर बरोबर पाच मिनिटं.

पेन तर टेबलावर पडून होतं.

त्यांचा मला फोन आला. "वहिनी, ताई डोळे काढतेय."

"वेड लागलंय का? बंद करा आधी ते!"

"बंद केलं तर ती परत जाईल."

मी पायात चपला सरकवल्या आणि धावले. पोचले, तेव्हा दोन्ही डोळे पुरे झाले होते. ते आमच्याकडे बघत नव्हते. बाजूला, शेजारच्या खोलीच्या दाराकडे बघत होते. भावजी लहान पोरासारखे रडत होते. "मी का नाही गं उठलो?" एवढंच.

मी दार उघडलं. आत कुणी नव्हतं.

मी खूप समजावलं, पण चित्र त्यांनी पुसलं नाही. त्या दिवसापासून हाकेसरशी उठतात मात्र.

आज दुपारी फोन केला. "भावजी, जेवायला या."

"आलोच, वहिनी!"

आणि मागून, अगदी हळू... बाईचा आवाज.

"पाच मिनिटं."

ते एकटेच राहतात.

ताट झाकून ठेवलंय. ते फोन उचलत नाहीत. ह्यांना तिकडे धाडलंय, त्यांचाही फोन नाही.

दीड तास होत आला.