कुंपणातली माती

हेमांगी दळवे यांनी वजन दांड्याच्या वरच्या टोकापर्यंत उचलले आणि सोडले. एकाच ठोक्यात शंकुवेधक मंगळाच्या जमिनीत वीतभर घुसला.

त्यांना खरे वाटेना. चार पावले बाजूला सरकून त्यांनी पुन्हा ठोका दिला. पुन्हा वीतभर! चांगल्या जमिनीत एवढे खोल जायला वीसेक ठोके तरी लागायला हवेत. शंकुवेधक म्हणजे टोकदार दांडा, त्यावर हाताने उचलून सोडायचे वजन आणि ठोके मोजणारा माणूस. त्यात बिघडण्यासारखे काही नसते. वस्तीत याहून मोठी यंत्रे होती, पण वस्तीप्रमुख पोंक्षे या अवतरणतळावर चाक फिरकू देत नसत.

"दळवेबाई, आकडा सांगा," कुंपणाबाहेरून पोंक्षे शिरस्त्राणातल्या ध्वनिकातून ओरडले. "दुपारी 'प्राची' उतरायची आहे!"

"आकडा कसला सांगू? दह्यात चमचा जावा तसा दांडा जातोय. पाय टेकले की यान कलंडेल."

"अशक्य! पहिल्या वर्षी हीच जमीन दगडासारखी होती. त्यानंतर मी इथे चिटपाखरू फिरकू दिलेलं नाही."

मंगळावर चिटपाखरू होतेच कुठे! पण पोंक्ष्यांनी माणसांनाही तोच नियम लावला होता. तारेचे कुंपण, त्याबाहेरून पहारा, आणि आत पाऊल टाकणाऱ्याला महिनाभर भांडी घासायची शिक्षा.

हेमांगीबाईंनी दांडा उपटून खांद्यावर घेतला. 'प्राची' चालवत होती त्यांची मुलगी, ऋजुता. पाच वर्षांनी ती आईला भेटणार होती. प्रवासात अशक्त झालेल्या लेकीसाठी बाईंनी स्वतः चाकांची खुर्ची जोडून ठेवली होती. 'प्राची'च्या टाकीला गळती लागलेली. आज दुपारनंतर वर थांबणे शक्य नव्हते, आणि एकदा खाली निघाले की परतायला इंधन नव्हते.

त्या तडक कुंपणाबाहेर आल्या आणि रागाच्या भरात जाता जाता पायवाटेवरच दांडा रोवून वजन सोडले. दांडा उसळून आला! त्यांनी धडाधड दहा ठोके दिले, पण टोक जेमतेम बोटभर शिरले. वाट पहारेकऱ्यांच्या पायांखालची होती.

त्यांनी ध्वनिकावरून वस्तीतल्या फिरदौस इनामदारला हाक मारली. जमिनीत मिसळलेले 'बांधजंतू' तिनेच प्रयोगशाळेत घडवले होते. ते चुना सोडून मातीचे कण एकमेकांना चिकटवत.

"फिरदौस, तुझे जंतू कुंपणाबाहेर राबताहेत आणि आत आळशी झालेत. असं का?"

"बाहेर लोक चालतात का, ताई?"

"रोज."

"या अल्ला!" फिरदौस म्हणाली. "जमीन दाबली की तिच्यातलं खारं पाणी हलतं. त्या पाण्यातूनच जंतूंना अन्न मिळतं. जेवले की चुना सोडतात. दाबच पडला नाही तर उपाशी राहतात, आणि मग आधी बांधलेला चुनाच विरघळवून खातात."

"म्हणजे हाडासारखं. वापरलं तर घट्ट, नाही वापरलं तर ठिसूळ."

"अगदी तसंच."

पोंक्षे कुंपणाकडे वळले. "म्हणजे मी जपली म्हणून..."

"अति तिथे माती, साहेब," बाई म्हणाल्या. "फिरदौस, आता सगळ्यांनी मिळून तळ चोपला तर?"

"महिना लागेल."

महिना! मग जिथली जमीन आधीच भरपूर चोपली गेलीय अशी जागा हवी. बाई थबकल्या आणि एकदम ओरडल्या, "काखेत कळसा नि गावाला वळसा! साहेब, आपलं अंगण!"

अंगण म्हणजे वस्तीच्या दारापुढची सपाट जागा. मालगाड्या तिथून जात आणि दर सुट्टीला अंतराळपोशाखांतच कबड्डीचे डाव रंगत. पोंक्षे रोज ओरडत आणि कोणी ऐकत नसे. चारही कोपऱ्यांत बाईंनी खांदा भरून येईपर्यंत ठोके दिले. पोंक्षे स्वतः मोजायला बसले आणि आकड्यागणिक त्यांचा आवाज चढत गेला. वीस झाले, तीस झाले, तरी दांडा वीतभर जाईना! बाईंना हसू आणि रडू एकदमच आले.

"ऋजू, तळावर उतरू नकोस. आमच्या अंगणात उतर," बाईंनी ध्वनिकावरून यानाला कळवले.

"आई, तिथे घरं आहेत!"

"घरं टेकडीच्या पोटात आहेत. माणसं आत गेलीत. जमीन मी हाताने ठोकून बघितलीय."

"तू बघितलीस ना? मग झालं."

आगीचा लोळ उतरला. अंगणावरच्या सौरछत्रीच्या चिंध्या झाल्या. धूळ बसली तेव्हा 'प्राची' चार पायांवर ताठ उभी होती, आणि एकही पाय बोटभर रुतला नव्हता. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वस्ती नाचत बाहेर आली.

ऋजुता शिडीवरून उतरली आणि शेवटच्या पायरीला धरून उभी राहिली. कित्येक महिने वजनाशिवाय काढलेले तिचे पाय लटपटत होते. पोंक्षे खुर्ची घेऊन धावले.

"बस, पोरी! महिनाभर पाऊल टाकायचं नाही. तुला फुलासारखं जपू."

बाईंचे हातही तिला उचलून घ्यायला शिवशिवत होते. पण त्यांनी पायाखालच्या जमिनीकडे पाहिले, दूरच्या कुंपणाकडे पाहिले, आणि आपणच जोडलेली ती खुर्ची बाजूला ढकलली.

"चाल, ऋजू."

"आई, हाडं दुखतायत गं."

"दुखू देत. मी हात धरते, पण उचलणार नाही. पाय आपटत ये."

ऋजुताने ओठ घट्ट मिटले आणि पाऊल टाकले.

"एक," हेमांगीबाई मोजू लागल्या.