शनिवारी विझणारी भट्टी

रविवारी सकाळी सात वाजता, उणे तीस अंशांच्या थंडीत, दार वाजवणाऱ्या माणसाला सायमा हार्यूने आधी शिवी घातली आणि मग कॉफी दिली. खाजगी शोधकाम करणाऱ्या बाईलाही रविवार असतो, पण लक्षात कोण घेतो?

आलेला माणूस अर्नी पेल्टोला होता. घरं गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्ट्या बसवणारा.

"उद्या परवाना मंडळापुढे सुनावणी आहे. लेम्पी कांगासने तक्रार केलीय. परवाना गेला की मी संपलो, सायमाबाई."

"झालंय काय?"

"ऑक्टोबरमध्ये तिच्या तळघरात भट्टी बसवली. दोन पाइप भिंतीतून बाहेर काढले. एक हवा आत ओढतो, एक धूर बाहेर टाकतो. सगळं नियमाप्रमाणे. जागा करायला बाहेरच्या भिंतीवरच्या दोन जुन्या लाकडी खुंट्या काढल्या, एवढंच. आता दर शनिवारी संध्याकाळी भट्टी बंद पडते आणि रविवारी सकाळी आपोआप सुरू होते! चार वेळा तपासली. काही सापडत नाही!"

"हवा कोंडली की भट्टी स्वतःच बंद होते ना?"

"होते. पण पाइप लख्ख असतात हो!"

"बर्फ असेल," सायमाचा साथीदार वॉल्टर ग्रून म्हणाला. हा पूर्वी शाळेची बस चालवायचा आणि विचारही त्याच वेगाने करायचा.

"बर्फाला शनिवार कळतो का, वॉल्टर?"

तिघं लेम्पीकडे पोचले, तेव्हा भट्टी नुकतीच सुरू झाली होती. सत्तरीची लेम्पी चर्चच्या पोशाखात होती. स्वयंपाकघरात खुर्च्यांच्या पाठींवर फळीसारखे गोठलेले दोन पंचे उभे होते, एक निळा, एक तपकिरी. निळ्याच्या मधोमध बशीएवढा गोल खड्डा होता.

"गारठ्याने नळ फुटला, पाण्याने लाकडी जमीन फुगली," लेम्पी कडाडली. "आणि हा शहाणा म्हणतो, पाइप लख्ख!"

"काल रात्रीच फोन का नाही केलात?" सायमाने विचारलं.

"नको म्हटलं. रात्री कोण येतंय?"

"मी आलो असतो!" अर्नी ओरडला.

"घरात आणखी कोण होतं?" सायमाने लेम्पीला विचारलं.

"कोण असणार? विधवा बाई मी. शनिवार होता, अंगणातली सॉना, वाफेच्या अंघोळीची खोली, तापवली, अंघोळ केली, झोपले."

तिचा मुलगा डेल आईला चर्चला न्यायला आला होता. आईने घर विकून शहरात यावं, असा त्याचा धोशा होता.

"मला फायदा आहे, कबूल," तो म्हणाला. "पण शनिवारी मी पोरांच्या हॉकीला असतो, सव्वाशे मैलांवर. अख्ख्या गावाने पाहिलंय."

उरला शेजारी यालमर निस्काला. धूर खिडकीवर येऊन काच गोठते, म्हणून तो अर्नीवर खार खाऊन होता.

"कुंपणाच्या भांडणापासून, नऊ वर्षं, त्या अंगणात पाय ठेवला नाही," यालमर कुंपणापलीकडून गुरगुरला. "भिकार काम! एक पाइप फुंकतो आणि दुसरा वासरासारखा ओढतो. कापड तर सोडतच नाही."

सायमाने पाइपांना लागून भिंतीवर खुंट्यांची दोन जुनी भोकं पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"आत चला. यालमर, तुम्हीसुद्धा. देवा, काय माणसं आहेत ही!"

सगळे स्वयंपाकघरात जमले.

"शनिवारी सॉना. सॉनातून घरात येताना भिंतीवर खुंट्या होत्या, ओले पंचे तिथे टांगायचे. रात्रभर गोठू द्यायचे, सकाळी बर्फ झटकायचा. आपण सगळे तेच करतो. अर्नीने खुंट्या काढल्या आणि त्याच जागी दोन पाइप लावले. लेम्पीबाई, पंचे कुठे टांगलेत?"

"त्या पाइपांवर! मग कुठे टांगणार होते? खुंट्या यानेच काढल्या!"

"अहो, हवेच्या वाटेवर?" अर्नी डोकं धरून खाली बसला. "विचारायचं तरी!"

"तू तरी काढताना विचारलंस का, गाढवा?" सायमा त्याच्यावर घसरली. "पाइपाने निळा पंचा आत ओढला, म्हणून तो खड्डा. भट्टी बंद. चर्चला निघताना पंचे काढले की सुरू."

"पण एकट्या बाईला दोन पंचे कशाला?" वॉल्टरने विचारलं. आयुष्यात एकदा त्याचं डोकं वेळेवर चाललं.

"शाबास! पाइप कापड ओढून धरतो, हे कुंपणापलीकडून कसं कळणार? त्यावर पंचा टांगून पाहिलेल्यालाच कळतं. आणि बाईंनी रात्री अर्नीला बोलावलं नाही, कारण तो पंचेवाला घरातच होता."

यालमरचे कान लाल झाले. डेल खुर्चीत बसला.

"आई?"

"तक्रार मागे घेते," लेम्पी पुटपुटली. "कारण कशाला हवं?"

"कारणाशिवाय मंडळ ऐकणार नाही. आणि हे गावभर होणार, ते मी थांबवू शकत नाही. पण तुमची अब्रू झाकायला याच्या पोटावर पाय द्यायचा?"

लेम्पीने अर्नीकडे पाहिलं. चाळीस वर्षांचा बाप्या, हमसून रडत होता.

तिने कागद ओढला आणि सगळं लिहिलं, पंच्यांसकट. मग पेन यालमरपुढे आपटलं.

"साक्षीदार म्हणून सही कर. नऊ वर्षं कुंपणावरून मला शिव्या घालतोयस, हात दुखणार नाही तुझा."

यालमरने सही केली. खाली पत्ता लिहायचा होता. त्याने डेलकडे एकदा बघितलं आणि लेम्पीच्या घराचा पत्ता लिहिला.