टाकीचं कुलूप

जेवणाची भांडी पालथी घातली आणि वहिनीनं पान्यांची पिशवी खांद्याला अडकवून खाणीचा रस्ता धरला. काम नेहमीचंच. डोझर बंद पडला होता, तो चालू करायचा. त्या आठवड्यातली ही पाचवी खेप.

खाणीवर तिला सगळेच वहिनी म्हणत. खरा दीर एकच, पण त्याच्या तोंडचा शब्द सगळ्यांनी उचलला. बाई अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. शाळा चौथीलाच सुटली, पण इंजिनाचा नुसता आवाज ऐकून आत कुठे दुखतंय ते सांगायची. ही विद्या नवऱ्याची. नवरा आणि दीर, दोघा भावांनी मिळून हा डोझर घेतला, तेव्हाच तो म्हातारा होता. काळा, सुस्त, एकदा अडला की अडला. म्हणून नवऱ्यानं त्याला नाव दिलं रेडा. नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली. आता रेडा दीर चालवायचा आणि त्याचं दुखणंखुपणं वहिनी बघायची.

खाणीत त्या वेळी कुणी नव्हतं. माणसं वर सावलीला पडलेली. खाली दगडाच्या पायऱ्या उतरत गेलेल्या, तळाशी साचलेलं हिरवं पाणी, आणि ऊन असं की दगडाकडे बघवेना. चालताना आपल्याच चपलांचा आवाज मागून आल्यासारखा वाटे. रेडा मधल्या पायरीवर उभा होता. त्याच्या पात्याच्या सावलीत दीर बसला होता.

"आलात? केव्हापासून वाट बघतोय."

"मी नाही येणार तर कोण येणार? तुमचा सासरा?"

दीर हसला नाही. एरवी हसायचा. वहिनीनं ते मनात टिपलं. महिनाभर ती सगळंच टिपत होती.

कारण महिनाभर डिझेल कमी भरत होतं. ती रोज संध्याकाळी टाकीत काठी घालून बघायची. कामाच्या मानानं दोन बोटं, कधी चार बोटं जास्तच खाली. जमिनीवर बघावं तर थेंब नाही, नळ्या बघाव्यात तर कोरड्या. मग डिझेल जातं कुठे? त्याला पाय फुटले असले तरच जाणार. आणि रेड्याच्या आसपास रोज फिरणारे पाय एकाचेच होते.

तोंडावर ती काही बोलली नाही. वेल्डरकडून जाड पत्र्याचं नवं झाकण करून घेतलं, भक्कम, कुठे फट नाही. त्याला कोयंडा बसवला आणि घरातलं एक जुनं पितळी कुलूप आणून ठोकलं. किल्ली स्वतःच्या गळ्यातल्या दोऱ्यात, आणि आता काठी घालून बघणंही बंद. दीर नुसता बघत राहिला. आणि त्याच आठवड्यापासून रेडा बंद पडायला लागला. पाऊण तास चालायचा, मग धापा टाकून गप्प. अर्ध्या-एक तासानं पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा पाऊण तासानं गप्प.

वहिनीला सगळं आरशासारखं दिसत होतं. चोरी बंद झाली, म्हणून राग. रागापोटी हा मुद्दाम काहीतरी करतोय. टाकीला कुलूप आहे, तर नळीत करत असेल.

"बाजूला व्हा," ती म्हणाली आणि कामाला लागली.

आधी फिल्टरखालची काचेची वाटी सोडली. पाणी घातलं असेल तर तिथेच तळाशी दिसतं. तिनं वाटी उन्हात धरली. पाण्याचा टिपूस नाही. फिल्टर काढला, बोटानं चाचपला, वास घेतला. माती नाही, परवाच घातलेला, तसाच स्वच्छ.

"मी काही केलेलं नाही, वहिनी."

"मी म्हटलं का, तुम्ही केलं?"

"तोंडानं नाही म्हटलं."

नळीत हवा शिरली की इंजिन मरतं, म्हणून तिनं हवा काढायला घेतली. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि शेजारचा छोटा हातपंप दाबायला लागली. हजार वेळा केलेलं काम. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग नितळ डिझेल. आज पंप जड होता. दाबला जायचा, पण परत येताना अडायचा. पलीकडून कुणी मुठीत धरून ठेवल्यासारखा.

फेस आला. मग बुडबुडे. दोन आखूड… एक लांब. थोडं थांबून पुन्हा दोन आखूड… एक लांब. लांब बुडबुडा सुटताना स्क्रूच्या आट्यांतून बारीक शिट्टी वाजायची.

वहिनीचा हात थांबला.

हात थांबला, तरी बुडबुडे थांबले नाहीत. दोन आखूड… एक लांब…

तिनं पाना घातला आणि स्क्रू असा करकचून आवळला की दीर म्हणाला, "अहो, आटे जातील."

"चालू करा. मी वर बसते. बघू माझ्यादेखत कसा बंद पडतो."

ती सीटच्या बाजूला हत्यारांच्या पेटीवर बसली. असल्या जुन्या मशीनची डिझेलची टाकी सीटच्या मागेच असते, बसणाऱ्याच्या पाठीला लागून. रेडा सुरू झाला, चांगला सुरू झाला. दीर दगड लोटत होता, ती त्याच्या हातांवर नजर ठेवून होती. हात कुठे वावगे जात नव्हते. दहा मिनिटं गेली, वीस गेली.

मग पाठीमागे आवाज झाला. टक.

इंजिनाच्या धडधडीतही तो वेगळा कळत होता. पत्र्यावर आतून बोट आपटावं तसा. थोड्या वेळानं पुन्हा. टक… टक… टक. तीन वेळा, आणि थांबला.

"हे काय वाजतंय?"

"टाकी," दीर मान न वळवता म्हणाला.

"कधीपासून?"

"कुलूप घातल्यापासून."

टकटक वाढत गेली. आता बोट नव्हे, मूठ. वहिनी पाठ पुढे घेऊन बसली, तरी ती तिच्या मणक्याला जाणवत होती. आणि पाऊण तास होत आला तशी इंजिनाची लय तुटली. दोन आखूड धक्के… एक लांब. दोन आखूड… एक लांब… आणि शांत.

खाणीत कुणी कान लावून बसल्यासारखी शांतता झाली. गरम लोखंडाचा आणि डिझेलचा वास तेवढा दाटून राहिला.

"वहिनी, झाकण काढा," दीर हळू म्हणाला.

"कशाला? चार लिटर काढायला?"

"टाकीतून डिझेल जातं, तेवढी हवा आत यायला हवी ना? दादानं बसवलेल्या जुन्या झाकणाला भोक होतं. तुमच्या झाकणाला नाही. आतून ओढ बसते, पत्रा आत चेपतो, म्हणून वाजतो. हे तुम्हीच मला शिकवलेलं. आधी बोललो असतो तर वाटलं असतं, चोरायला उघडून मागतोय." तो थांबला. "त्याला श्वास घ्यायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही."

वहिनीच्या हातातून पाना निसटला आणि साखळीच्या पट्ट्यावर खणखणत खाली गेला.

श्वास. हा शब्द यानं का वापरला? दुसरा शब्द नव्हता? याला ठाऊक आहे की काय?

कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वीची अशीच भर दुपार. नवरा घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हत्यारं लावत होता. त्याला दमा होता. दोन आखूड श्वास, मग एक लांब, शिट्टी वाजवत. लग्न झाल्यापासून ती त्या शिट्टीच्या कुशीत झोपलेली. पण त्या महिन्यात तो दुपारचा कुठेतरी निघून जायचा आणि विचारलं की उत्तर टाळायचा. वहिनीनं मनाशी ठरवून टाकलं होतं, हा दारूच्या गुत्त्यावर जातो. त्या दिवशी तिला बाजारात जायचं होतं. तिनं शेडचं दार बाहेरून लोटलं आणि कुलूप घातलं. हेच, पितळी. म्हटलं, जा आता कसा जातोस ते.

ती परतली तेव्हा ऊन उतरलं होतं. कुलूप उघडलं तर तो दाराशीच पडलेला. तिनं आधी कुलूप पदराखाली लपवलं, मग हंबरडा फोडला. डॉक्टर म्हणाले, दम्याचा झटका. कुणी काही विचारलं नाही. दाराच्या पत्र्याला आतून बाहेर आलेले पोचे तिनं स्वतःच हातोडीनं सरळ केले आणि वर रंग मारला. तेराव्या दिवशी औषधाच्या दुकानदाराची बायको भेटायला आली, म्हणाली, रोज दुपारी वाफ घ्यायला आमच्याकडे यायचे, बायकोला सांगू नका म्हणायचे, उगाच काळजी करेल.

"वहिनी…"

"काढते!" ती ओरडली. हात गळ्याकडे गेला. दोरा केसांत अडकला, किल्ली दोनदा चुकली. कुलूप निघालं, पण झाकण हलेना. आतून धरून ठेवलेलं. दीर मदतीला आला तर तिनं त्याला कोपरानं ढकललं. पिशवीतल्या दुसऱ्या पान्याचं टोक घालून तिनं सगळा जोर लावला.

हुस्स…

टाकीनं श्वास घेतला. दुसरा शब्द नाही त्याला. तिच्या पदराचं टोक त्या तोंडाकडे ओढलं गेलं आणि तिथेच थरथरत राहिलं. एवढीशी टाकी, किती हवा घेणार? पण ते ओढणं संपेचना. एखादा माणूस कितीतरी वेळ पाण्याखाली राहून वर आल्यासारखं. आणि मग टक्‌कन पत्रा सरळ झाला.

वहिनीनं झाकण पेटीवर ठेवलं.

मग वहिनी खाली उतरली. ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती, भीती वाटली की हात चालवणाऱ्यातली होती. झाकणाचं कळलं, पण डिझेल कुठे जात होतं ते कळायचं होतं. आणि आता तिला एक जागा आठवली, जी महिनाभर आठवली नव्हती, कारण चोर आधीच ठरलेला होता. तिनं इंजिनातलं ऑइल बघायची पट्टी ओढून काढली. ऑइल खुणेच्या कितीतरी वर. पातळ, पाण्यासारखं. नाकाशी नेलं तर डिझेलचा भपकारा.

डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या आत रबरी पडदा असतो. तो फाटला की डिझेल बाहेर सांडत नाही. गुपचूप आतल्या आत इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं.

चोर कुणीच नव्हता.

"पडदा फाटलाय," ती पट्टी पुसत म्हणाली. "आज काम बंद. असंच चालवलं तर इंजिन जाईल." आणि मग, दुखरा दात उपटावा तशी म्हणाली, "भाऊजी… माझं चुकलं. मी तुमच्यावर आळ घेतला."

दीर साखळीच्या पट्ट्यावर बसला. बराच वेळ दोन्ही हातांनी टोपी पिळत राहिला.

"मला एक सांगायचंय. दोन वर्षं सांगेन सांगेन म्हणतोय."

"काय?"

"दादा गेला त्या दुपारी मी घरी आलो होतो. पाना न्यायला. शेडला कुलूप होतं. हेच. मला वाटलं, तुम्ही दोघं बाजारात गेलात."

वहिनीनं हातातली पट्टी जागेवर खुपसली.

"आतून आवाज येत होता," दीर म्हणाला. "टक टक. तीनदा, मग थांबून तीनदा. मी दारापाशी उभा होतो, वहिनी. हात लावला असता तर… पण ऊन होतं ना. मला वाटलं, उन्हानं पत्रा वाजतोय. उन्हानं वाजतोच पत्रा. मी परत गेलो."

"मला का नाही बोललात?"

"काय बोलू? तुम्ही कुलूप का घातलंत, असं विचारू? तुम्ही मला विचारलं असतं, तू उघडलं का नाहीस."

ऊन खाणीच्या भिंतीमागे गेलं होतं. सावली पायऱ्या उतरत पाण्यापर्यंत पोचली. दगड गार झाले, वारा पडला. वहिनी उठली. कुलूप आणि किल्ली एकत्र मुठीत घेतली आणि अंगातलं बळ एकवटून खाली भिरकावली. हिरव्या पाण्यानं ती गिळली, लाटही नीट उठली नाही.

"चला घरी," ती म्हणाली. "जुनं भोकाचं झाकण माळ्यावर आहे. उद्या बसवू. आजची रात्र टाकीला मोकळा श्वास घेऊ दे."

दीर उठला. वहिनीनं पान्यांची पिशवी खांद्याला लावली, वेल्डरचं झाकण हातात घेतलं. चार पावलं टाकली असतील.

टक.

दोघंही जागच्या जागी थांबले.

टक… टक.

इंजिन तासाभरापासून बंद होतं. टाकीचं तोंड आभाळाकडे सताड उघडं होतं. ओढ नव्हती, चेप नव्हता, हवा हवी तेवढी.

"पत्रा असेल," वहिनी पुटपुटली. "उन्हानं…"

"वहिनी," दिराचा आवाज जेमतेम निघाला. "ऊन तर कधीच उतरलं."

थोडं थांबून पुन्हा तीनदा वाजलं. आता घाई नव्हती त्यात. दार उघडणार याची खात्री असलेल्या माणसासारखं. वहिनी वळली, परत चढली, टाकीपाशी उभी राहिली. झाकण तिच्या हातात होतं. कुलूप पाण्याच्या तळाशी होतं. तिनं दोन्ही हात पुढे केले आणि ते तसेच राहिले.

उघडायला आता काहीच उरलं नव्हतं.