सातव्या मिनिटाचा निर्णय

धाराशिवच्या ‘चपळ’ कंपनीच्या प्रयोगशाळेत सकाळी नऊलाच तिघी जमल्या होत्या, आणि मोठ्या पडद्यावर चक्क खो-खोचा जुना सामना चालू होता!

खेडोपाडी रक्ताच्या पिशव्या पोचवणारे ड्रोन बनवणारी ही कंपनी शलाका पाटोळेची. शाळेत ती खो-खो खेळायची. तेव्हाच्या तिच्या प्रशिक्षक, सुलभा गुरव, आज पाहुण्या होत्या. कंपनीचं सगळं यश त्यांच्या एका तत्त्वावर उभं होतं: खेळाडू कोसळायच्या आधीच तिला बदला. गुरवबाईंचे बावीस वर्षांचे सामने आणि निर्णय शिकवून डॉ. इरावती सबनीसने ‘गुरुबुद्धी’ हे यंत्र घडवलं होतं. कर्मचाऱ्यांच्या मनगटावरचा श्रमवेधी पट्टा नाडी आणि श्वास मोजायचा; कोणाला कधी बदलायचं, ते गुरुबुद्धी सांगायची. तीन वर्षांत एकदाही चुकली नव्हती!

“कालपर्यंत,” इरावती म्हणाली. “काल तिनं आपल्या ड्रोनचालक रुखसानाला बाहेर बसवलं. आज दुपारी आरोग्य खात्यासमोर तिच्याऐवजी यशोधन पाटोळे ड्रोन दाखवणार.”

“दमली असेल,” शलाका म्हणाली. “मी लगेच ‘मान्य’ दाबलं. यशोधन माझा चुलतभाऊ आहे म्हणून नाही हं!”

“पट्टा बघ. रुखसाना ठणठणीत होती. मग यंत्र हे शिकलं कुठून? बावीस वर्षांत असा एकच निर्णय सापडला. पण तो अंतिम सामना, त्यात जिंकलेला. म्हणून यंत्रानं त्यालाच सगळ्यात जास्त वजन दिलं.”

पडद्यावर चौदा वर्षांची शलाका खांबाला वळसा घालून सुसाट निघाली होती. सातव्या मिनिटाला बाईंनी हात केला. ती बाहेर आली, जुई गुरव आत गेली.

“तेव्हा पट्टे नव्हते, पण छातीची उघडझाप चित्रफितीवरून मोजता येते. तू दमली नव्हतीस, शलाका. यंत्राला दिसलं ते एवढंच, की निर्णय घेणारी आणि आत जाणारी, दोघींचं आडनाव एक.”

शलाका हसली. “बाई, सांगा ना हिला काहीतरी!”

गुरवबाई पडद्याकडेच बघत राहिल्या. “राज्याची निवड समिती बसली होती गं समोर. भाचीला दाखवायची तेवढीच संधी. आणि जिंकलो ना आपण?”

“तुम्ही मला जवळ घेऊन म्हणालात, ‘पोरी, तुझ्यात दम नाही, डोकं आहे.’ मी मैदान सोडलं, बाई! अठरा वर्षं खरं मानलं मी ते. त्याच्यावर कंपनी काढली!”

“बरंच झालं की मग.”

ते ‘बरंच’ शलाकाला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. तिनं थेट रुखसानाला फोन लावला.

“रुखसाना, लगेच नीघ. ड्रोन तूच दाखवायचास. तू दमली नव्हतीस, यंत्र चुकलं.”

“राहू द्या ताई. मन राखायला म्हणताय तुम्ही.”

“अगं, पट्ट्यावर स्पष्ट दिसतंय!”

“काल फार राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण घरी येऊन बसले, तर पाय खरंच दुखत होते माझे. बरोबर ओळखलंत तुम्ही. राजीनामा पाठवलाय. बघा तेवढा.”

त्या सामन्याच्या संध्याकाळी शलाकाचेही पाय असेच दुखले होते.