शटल, बटाटा आणि जड खिसा

"पाच वाजता बॅडमिंटनची जाळी कापणार. कात्री आणलीय मी," इमारतीचे व्यवस्थापक म्हणाले आणि त्यांनी खरोखरच कात्री दाखवली. कात्री कागद कापायची होती, पण चेहरा कुऱ्हाडीचा होता.

मुंगीने जाळी दोन्ही हातांनी धरली. सुट्टीचा हा दुसराच दिवस. मुंगी, उंट आणि शंका अशी टोपणनावं असलेल्या पोरांच्या त्रिकुटाच्या रॅकेट सकाळीच जप्त होऊन व्यवस्थापकांच्या कपाटात गेल्या होत्या. आता जाळीही गेली, की उरलेली सुट्टी घरात बसून भिंती मोजायच्या.

गुन्हा असा, की दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरबाईंच्या गाडीची पुढची काच फुटली होती आणि बॉनेटवर यांचं शटल सापडलं होतं. उंटाने ते सहाव्या मजल्याइतकं उंच मारलं आणि ते तोफगोळ्यासारखं येऊन आदळलं, असं व्यवस्थापकांचं म्हणणं. डॉक्टरबाईंना ते पटलं. मुंगीच्या आईलाही पटलं. आईला मुंगीविरुद्धचं काहीही लगेच पटायचं.

उंटाने सगळा दोष शंकाच्या सर्व्हिसवर ढकलला. शंकाने त्याला विचारलं, की तुझा मेंदू मानेच्या वरच्या टोकाला आहे, की वाटेत कुठे उतरला? दोघं हमरीतुमरीवर आले.

मुंगी मात्र शटल निरखत होती. काचेचा चुरा झाला होता आणि शटलची सोळाच्या सोळा पिसं शाबूत होती! मग तिची नजर व्यवस्थापकांच्या उजव्या खिशावर गेली. खिसा मांडीवर लोंबत होता. पृथ्वी सगळ्यांना खेचते, पण या खिशाशी तिचं वैयक्तिक वैर असावं.

"काका, गच्चीवरून काही पडलं असेल तर?"

"गच्चीची किल्ली माझ्या कमरेला असते. माझ्याशिवाय तिथे चिमणी फिरकत नाही. आज सकाळीसुद्धा टाकीचा नट आवळायला मीच गेलो होतो."

मुंगीने मान डोलावली. मग हेच शटल गच्चीवरून सोडून बघू, काही फुटलं तर जाळी मी स्वतः कापेन, असं ती म्हणाली. व्यवस्थापकांनी खुशीत किल्ली दिली. वर शास्त्रही ऐकवलं, की हलकी असो वा जड, प्रत्येक वस्तू सारख्याच वेगाने पडते. हे त्यांनी लहानपणी छड्या खाऊन पाठ केलं होतं.

"हवा नसेल तर, काका," मुंगी म्हणाली. "पण मग आपण सगळे मेलेले असतो."

शटल आणि एक बटाटा घेऊन उंट वर गेला. गाडी दुरुस्तीला गेली होती. तिच्या झाडून घेतलेल्या जागेवर मुंगी उताणी पडली. आई किंचाळायच्या आत शटल सुटलं, थोडा वेळ घाईने आलं, मग जणू त्याचा विचार बदलला आणि टप्पकन तिच्या कपाळावर उतरलं.

"काय फुटलं?" शंकाने विचारलं.

"काही नाही." मुंगी उठून बसली. "शटल वेग घेतं तशी हवा त्याच्या पिसांना जास्त जोरात अडवते. थोड्याच वेळात ही अडवणूक शटलच्या वजनाइतकी होते. मग वेग वाढायचा थांबतो. सहाव्या मजल्यावरून सोडा, नाहीतर साठाव्या. जड आणि आटोपशीर वस्तूचं तसं नाही. इतक्या उंचीवरून हवा तिला फारशी अडवू शकत नाही." ती बाजूला झाली. "आता तुम्ही या काका. उंट बटाटा सोडेल. सगळं सारख्याच वेगाने पडतं ना?"

व्यवस्थापक चार पावलं मागे सरकले.

"बटाटा हलका वाटत असेल तर पाना सोडतो," उंट वरून ओरडला. "पण पाना कुठाय? टाकीचा नट तर अर्धाच आवळलाय."

सगळे लोंबत्या खिशाकडे बघू लागले.

"उघडा," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाजच असा होता, की व्यवस्थापकांनी तोंड उघडलं.

"तोंड नव्हे. खिसा."

पाना निघाला. त्याच्या जबड्यात काचेचे चार कण चमकत होते. सकाळी तो हातातून निसटला होता. खाली येऊन त्यांनी तो उचलला, तेव्हा शेजारी पडलेलं शटल बघून बॉनेटवर ठेवण्याची कल्पना सुचली, हे त्यांनी कात्रीकडे बघत कबूल केलं.

पाचच्या आत रॅकेट परत आल्या. जाळी जागच्या जागी राहिली. आईने मुंगीची पाठ थोपटली, पण गाडीच्या जागेत उताणं पडण्याबद्दल वेगळं बोलू, असंही बजावलं.

"पोरं हुशार आहेत," डॉक्टरबाई दात न दाखवता म्हणाल्या. "बक्षीस म्हणून तिघांचेही दात फुकट तपासून देईन."

हे बक्षीस शटलच्याच चालीने यावं आणि साठाव्या मजल्यावरून निघावं, असं मुंगीला मनापासून वाटलं.