चोविसावं नाव

सैनिकांच्या दफनभूमीत दरवर्षी सकाळी आठला हजेरी होई. निवृत्त हवालदार यादीतल्या तेवीस शहिदांचं एकेक नाव वाची आणि त्या घरचं कुणीतरी "हजर" म्हणे. शिवणकाम करणारी बाई चाळीस वर्षं हे फाटकाबाहेर उभी राहून ऐकत आली होती, कारण तिच्या दादाचं नाव यादीत नव्हतं. चौकी सोडून पळाला, असा शेरा त्याच्या नावावर होता आणि तो याच हवालदारानं लिहिला होता.

पण महिन्यापूर्वी म्हातारा आपल्या पायांनी तिच्या घरी आला. मशीनजवळच्या स्टुलावर बसून लहान पोरासारखा रडला. पळालो तो मी, म्हणाला. "मी येईपर्यंत जागा सोडू नकोस, असं त्याला बजावलं... आणि परत फिरकलोच नाही, ताई." यंदा चोविसावं नाव त्याचं वाचतो, असा त्यानं शब्द दिला. त्या शब्दावर तिनं नवे कपडे शिवले आणि आज पहिल्यांदा फाटकाच्या आत पाऊल टाकलं.

धुकं दाट होतं. खाली जमीन मात्र खडखडीत कोरडी. तेवीस नावं झाली. तिच्या ओठावर शब्द येऊन थांबला. हवालदारानं पुढच्या खुर्च्यांवरच्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

मेल्यानं केसानं गळा कापला. दुसऱ्यांदा. संतापानं तिला रडूही येईना.

तेवढ्यात मागच्या भिंतीकडून आवाज आला, "हजर."

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिकडे नुसतं धुकं होतं. शेवटाला जरासा घोगरा होणारा तो आवाज तिनं तेव्हाच ओळखला. चाळीस वर्षांत तो एका दिवसानंही म्हातारा झाला नव्हता.

"मी... मी नाव वाचलंच नाही..." हवालदार पुटपुटला.

"थांबलोय, साहेब." आवाज आता अगदी जवळून आला. "आता तुम्ही थांबा. मी येईपर्यंत जागा सोडू नका."

लोक भराभर पांगले. दोघातिघांनी हवालदाराला ओढून पाहिलं, पण त्याचे पाय उचलेनात. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"वाचा."

त्यानं वाचलं. ती "हजर" म्हणाली. तरी त्याचे पाय हलले नाहीत. त्याच्या बुटांपासून मात्र कोरड्या जमिनीवर ओली पावलं उमटत फाटकाबाहेर गेली होती.

ती पावलांमागून निघाली. बाजार ओलांडून, तिच्या गल्लीत वळून, ती पावलं तिच्या घरात शिरली होती. बाहेर आलेलं एकही नव्हतं.

कुलूप तिनं सकाळी लावलं होतं, तसंच होतं.